बाळंतपणाच्या रजेचा खर्च कुणाच्या डोक्यावर?

दिघीतल्या एकाच इमारतीत राहणाऱ्या दोघी जणी डोळ्यांसमोर आणा. पहिली भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यात लाइनवर काम करते, पगार अठरा हजार. दुसरी एम.ई. झालेली, जवळच्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक, पगार पन्नास हजार. दोघींनाही एकाच सुमारास दिवस गेले. पहिलीचा सव्वीस आठवड्यांचा पगार ईएसआयकडून (राज्य कामगार विमा योजनेतून) थेट तिच्या बँक खात्यात येतो. कारखान्याला तिच्यासाठी वेगळा रुपया काढावा लागत नाही. दुसरीचा पगार संस्थेने द्यायचा, तिच्या जागी शिकवायला माणूसही संस्थेनेच आणायचा. यातली पहिली गोष्ट कायद्याच्या धाकाने कशीबशी होते. दुसरी बहुतेक ठिकाणी होतच नाही.

म्हणजे जिचा पगार जास्त, जिचं शिक्षण जास्त, ती या बाबतीत जास्त उघड्यावर आहे. कारण कारखान्यातल्या बाईमागे सगळ्या उद्योगांची वर्गणी उभी आहे. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. शेजारच्या मशीनवरचा अविवाहित वेल्डरही भरतो, निवृत्तीला आलेला फिटरही भरतो. कॉलेजातल्या मॅडमच्या मागे फक्त तिची संस्था असते. त्यातही संस्था हात झटकते, तेव्हा भार तिच्या विभागावर येतो आणि विभागात तो चार सहकाऱ्यांच्या माथी पडतो.

हे कसं घडतं, ते टाइमटेबलच्या कागदावर स्पष्ट दिसतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचं अध्यापन असतं. मॅडम रजेवर जाणार असं कळलं की एचओडी पेन्सिल घेऊन बसतात. तिच्या नावापुढचे दोन थिअरीचे विषय आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस कापून चौघांत वाटल्या जातात. प्रत्येकी चार तास वाढले. पगार तेवढाच. त्या चौघांत एखादी स्वतःच दीड वर्षाच्या बाळाची आई असते, तिलाही ‘तेवढं ॲडजस्ट करा’ म्हणून सांगितलं जातं. सहा महिने असं चाललं की रजेवरून परत आलेल्या बाईशी स्टाफरूममध्ये कुणी नीट बोलत नाही. पुढच्या भरतीच्या वेळी हेच एचओडी उमेदवार मुलीला विचारतात, लग्न झालं का, पुढचं प्लॅनिंग काय. या प्रश्नाने चीड यावी हे बरोबरच आहे. पण तो प्रश्न येतो कुठून तेही पाहिलं पाहिजे. ज्या विभागप्रमुखाला एका बाळंतपणाची किंमत आपल्या माणसांच्या घामातून मोजावी लागते, त्याला स्त्री-सन्मानाची कितीही व्याख्यानं ऐकवली तरी तो मनातल्या मनात पुरुष उमेदवाराकडेच झुकणार. ही खोड पैशाच्या चुकीच्या मांडणीतून आली आहे, आणि मांडणी बदलली की ती बरीचशी सुटते.

मांडणी कशी बदलायची, तेच या लेखात सांगायचं आहे. लेख संस्थाचालकांसाठी आहे, प्राचार्यांसाठी आहे, आणि रजेचा अर्ज हातात घेऊन अकाउंट्सच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या बाईसाठीही आहे.

आधी नीट हिशेब करा

‘एवढा खर्च आम्हाला झेपत नाही,’ हे वाक्य ट्रस्टच्या बैठकीत फार सहज उच्चारलं जातं. कागद-पेन घेऊन हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

शंभर शिक्षकांचं कॉलेज धरू. सरासरी पगार महिना पन्नास हजार. वर्षाचं पगाराचं बिल झालं सहा कोटी. वर्षात तीन जणी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. तिघींच्या रजेचा पगार नऊ लाख. संस्थाचालकांना हा नऊ लाखांचा आकडा दिसतो आणि ते दचकतात. पण हे नऊ लाख त्या सहा कोटींतच आहेत. त्या कामावर असत्या तरी द्यायचेच होते. त्यांची तरतूद बजेटमध्ये आधीच झालेली आहे.

नवा खर्च एकच, बदली शिक्षकाचा. त्याला महिना चाळीस हजार दिले तर सहा महिन्यांचे दोन लाख चाळीस हजार. तिघींचे मिळून सात लाख वीस हजार. सहा कोटींच्या बिलावर हे १.२ टक्के होतात. इंजिनिअरिंगच्या पदवी अभ्यासक्रमाला वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे एआयसीटीईचं प्रमाण आहे. त्या हिशेबाने या कॉलेजात दोन हजार विद्यार्थी. प्रत्येकामागे वर्षाला ३६० रुपये. दिवसाला पुरता रुपयाही नाही.

बदली शिक्षकाला वीस हजारांत राबवून हा आकडा आणखी खाली आणता येईल, पण तसं करू नका. त्या जागेवर येणारी बहुधा नुकतीच एम.ई. झालेली मुलगीच असते. एकीची रजा दुसरीच्या शोषणातून भागवली तर न्याय झाला असं म्हणता येणार नाही.

हा प्रश्न जुना आहे, आणि महाराष्ट्रातच विचारला गेला आहे

खर्च कुणी सोसायचा हा वाद मुंबई कायदेमंडळात १९२८ साली झाला. गिरण्यांतल्या स्त्री कामगारांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं होतं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांची भूमिका बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. लोकांचं कल्याण जपणं ही मुख्यतः सरकारची जबाबदारी असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण म्हणून मालक सुटत नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यानेही वाटा उचललाच पाहिजे, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताचा कायदा झाला आणि पैसे मालकाने द्यायचे ठरलं. सरकारच्या वाट्याचा मुद्दा मागे पडला तो पडलाच. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातही मालकच जबाबदार राहिला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, तेव्हाही वाढीव चौदा आठवड्यांचा भार मालकावरच पडला.

जगात याची दुसरी वाट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करार सांगतो की हे पैसे सक्तीच्या सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून यावेत, एकट्या मालकावर पडू नयेत. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. जर्मनीत तर नेमकी आपल्याला हवी तीच गोष्ट घडली. तिथे लहान मालकांपुरता एक भरपाई निधी होता. २००३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने म्हटलं की बाकीच्या मालकांवर एकट्याने भार टाकला तर ते बायकांना नोकरी देणंच टाळतील, हे समानतेच्या विरुद्ध आहे. तेव्हा २००६ पासून सगळ्याच मालकांकडून ठरावीक वर्गणी घेतली जाऊ लागली. ती पुरुषांच्या पगारावरही मोजतात. एखाद्या कंपनीत एकही बाई नसली तरी तिने भरायचंच, आणि जिथे कुणी रजेवर जाईल तिथे त्या मालकाला रक्कम परत मिळते. बाईला न घेऊन पैसे वाचवण्याचा रस्ताच बंद.

दिल्लीत किंवा मुंबईत असा कायदा कधी होईल याची वाट पाहत बसायचं कारण नाही. एका ट्रस्टच्या पातळीवर हे उद्या करता येतं.

संस्थेने काय करावं

नियामक मंडळाच्या बैठकीत ठराव करून ‘प्रसूती व बालसंगोपन बदली निधी’ असं स्वतंत्र खातेशीर्ष उघडा. एकूण पगारबिलाचा दीड टक्का दरवर्षी त्यात टाका. पगारबिल म्हणजे सगळ्यांचं: पुरुष प्राध्यापक, ग्रंथपाल, लॅब असिस्टंट, शिपाई, खुद्द प्राचार्य. बायकांच्या पगारावर किंवा ज्या विभागात बायका जास्त त्या विभागाच्या बजेटवर तो मोजू नका. तसं केलं तर पुन्हा पहिल्याच जागी येऊन थांबाल. वरच्या उदाहरणात दीड टक्का म्हणजे नऊ लाख होतात. एखाद्या वर्षी एकच रजा पडली तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढा, इमारतीच्या रंगकामाला वळवू नका. पाच रजांचं वर्ष येतंच.

निधीतून तीन गोष्टींचे पैसे द्यावेत. पहिला बदली शिक्षकाचा पगार. दुसरं, बदली माणूस मिळेपर्यंत जे सहकारी जादा तास घेतात त्यांना तासागणिक मानधन. हा खर्च छोटा असतो, पण विभागातली कटुता घालवण्यात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलेलं नाही. जादा काम केलं आणि त्याचे पैसे मिळाले, विषय संपला. रजेवरच्या बाईवर रोष उरत नाही. तिसरी गोष्ट पाळणाघर, त्याबद्दल पुढे लिहिते.

रजा तारखेने मोजतात, कॉलेज मात्र सेमिस्टरवर चालतं. इथे बऱ्याच संस्था अडखळतात. समजा मॅडम १ ऑक्टोबरला रजेवर गेल्या. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, ३१ मार्चला रजा संपते. १ एप्रिलला त्या हजर होतात तेव्हा दुसऱ्या सेमिस्टरचा बराचसा अभ्यासक्रम शिकवून झालेला असतो. अशा वेळी बदली शिक्षकाला ३१ मार्चला काढून उरलेले दोन युनिट परत आलेल्या मॅडमवर टाकणं हे विद्यार्थ्यांसाठीही वाईट आणि मॅडमसाठीही. नेमणूक सेमिस्टर संपेपर्यंतची द्या, आणि मॅडमना तोवर प्रोजेक्टचं मार्गदर्शन, सबमिशन, ओरल, परीक्षेचं काम द्या. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा दोघींचा एकत्र ठेवा म्हणजे विषय नीट हाती दिला जातो. हे एक-दोन जादा महिने धरूनच मी दीड टक्का म्हटलं आहे.

विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि त्यासाठी संस्थेचा लेखापरीक्षित खर्च पाहतं. पगार हा त्यातला सर्वांत मोठा भाग. बदली शिक्षकाला प्रत्यक्ष दिलेला पगार हा पगारच आहे. तो पगाराच्या शीर्षाखाली, नेमणूकपत्र आणि बँक व्यवहारासह दाखवा. नुसती बाजूला ठेवलेली तरतूद खर्च म्हणून पुढे करू नका. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून उशिरा येते, पगार थकतात, ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी लेखत नाही. पण तंगीच्या महिन्यात सगळ्यांचा पगार उशिरा होत असेल तर रजेवरच्या बाईचाही त्यांच्याबरोबर व्हावा. तिचा मागे ठेवून बाकीच्यांचा करू नये.

आता पाळणाघर. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. सामाजिक सुरक्षा संहितेने इथे एक चांगली मोकळीक दिली आहे: अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करून सामाईक पाळणाघर चालवलं तरी चालतं. दिघी-आळंदी रस्त्याच्या पट्ट्यात हे सहज जमण्यासारखं आहे. आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९९४ पासून दिघीच्या टेकडीजवळ आहे. पुढे चऱ्होली, आळंदीपर्यंत इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटची कॉलेजं आणि इंग्रजी शाळा ओळीने आहेत. मोशी, वडमुखवाडी, बोपखेलहून रोज स्कूटीवर येणाऱ्या शिक्षिका याच रस्त्याने जातात. तीन-चार संस्थांनी मिळून मॅगझिन चौकाच्या आसपास एक चांगलं पाळणाघर चालवायला घेतलं, तर प्रत्येकीला आपापल्या आवारात एक खोली आणि एक आया ठेवण्यापेक्षा ते स्वस्तही पडेल आणि बरंही.

लहान शाळांची गोष्ट वेगळी

पंधरा शिक्षिकांच्या शाळेला दीड टक्क्याचा निधी एकटीने पुरत नाही. पगार तीस हजार धरला तर वर्षाचं बिल चोपन्न लाख आणि एका बदली शिक्षिकेचे सहा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. दोघी एकाच वर्षी गेल्या की शाळा डगमगते. अशा दहा शाळा एकत्र आल्या तर दीड टक्क्याने आठ लाख दहा हजार जमतात आणि चौघींची सोय होते. एका शिक्षण मंडळाच्या अनेक शाखा असतील तर हे एका ठरावाचं काम आहे. वेगवेगळ्या संस्थांनाही सामंजस्य करार करून करता येईल.

शिक्षिकांचा पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर आणखी सोपा मार्ग आहे, ईएसआय. ही वेतनमर्यादा २०१७ पासून आहे. वीस हजार पगारावर शाळेने महिना ६५० रुपये भरायचे, शिक्षिकेने १५०. लागोपाठच्या आधीच्या दोन वर्गणी कालावधींत मिळून सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असली की सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार ईएसआय महामंडळ देतं. शाळेचे त्या सहा महिन्यांचे एक लाख वीस हजार वाचतात आणि त्याच पैशांत बदली शिक्षिका ठेवता येते. वर्गणी सोडली तर जादा खर्च शून्य. वर बाळंतपणाचे उपचारही विम्यात. या भागासाठी चिंचवडच्या मोहननगरला राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. ‘आमच्या बायकांना ईएसआयचा काय उपयोग’ असं म्हणून टाळाटाळ करणाऱ्या शाळांनी हा हिशेब एकदा पाहावा. दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तर नोंदणीबाबत आपल्या सल्लागाराशी आजच बोला.

तुम्ही स्वतः रजेवर जाणार असाल तर

आधी हक्क थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात सामावला. रजेचा कालावधी तोच राहिला. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर सव्वीस आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी. दोन किंवा जास्त मुलं असतील तर बारा. पात्रतेसाठी अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम. पगार रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीने. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. प्रसूतीशी संबंधित आजारपण आलं तर आणखी एक महिना. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्या. संस्थेने प्रसूतीपूर्व आणि नंतरची वैद्यकीय सोय मोफत केली नसेल तर साडेतीन हजार रुपये वैद्यकीय बोनस. विद्यापीठ आणि महाविद्यालयीन शिक्षकांसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १८० दिवसांची पूर्ण पगारी रजा, नोकरीच्या कारकिर्दीत दोनदा.

‘शिक्षणसंस्थेला तो कामगारांचा कायदा लागू नाही,’ असं कुणी सांगेल. केरळ सरकारने २०२० मध्ये खासगी शिक्षणसंस्थांना स्पष्ट अधिसूचना काढून कायद्याखाली आणलं, ते अशाच पळवाटा बुजवण्यासाठी. आपल्याकडे वाद घालत बसण्यापेक्षा यूजीसीचा नियम, विद्यापीठाचे परिनियम आणि संहिता अशा तिन्हींचा उल्लेख अर्जात करा. सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही सोबत असू द्या. मे २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेच्या, के. उमादेवी यांच्या, खटल्यात न्यायालयाने प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग मानला.

अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या. क्लार्क ‘ठेवून जा मॅडम, सरांना दाखवतो’ म्हणाला तरी शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. अर्जात रजेची सुरुवातीची तारीख, अपेक्षित प्रसूतीची तारीख आणि पगार कोणत्या खात्यात जमा करायचा ते लिहा. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. प्रसूतीआधीच्या काळाचा पगार गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ मिळायला हवा आणि उरलेला, प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत. ‘परत आल्यावर एकदम काढू’ हे मान्य करण्याची गरज नाही.

कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. ‘रजेनंतर पुन्हा मुलाखत द्यावी लागेल’, ‘एवढे महिने नोकरी सोडणार नाही असा बॉण्ड द्या’ असं सांगितलं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की अशा बऱ्याच अटी आपोआप विरतात. रजेच्या काळात नोकरीवरून काढणं बेकायदेशीर आहे. तसं झालं तर तक्रार करा: कामगार विभागाकडे साठ दिवसांच्या आत, विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे, आणि सेवा संपवली असेल तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत. एकटीने जाऊ नका. शिक्षक संघटनेच्या माणसाला सोबत घ्या.

करारावरच्या आणि तासिकेवरच्या

सगळ्यात वाईट अवस्था यांची आहे. अकरा महिन्यांचा करार, मध्ये ब्रेक, पुन्हा करार. रजा करार संपण्याच्या तारखेपलीकडे जात असेल तर ‘करार संपला, रजा संपली’ असं सांगितलं जातं. हे चूक आहे हे आता सर्वोच्च न्यायालयानेच ठरवलं आहे. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टर कबिता यादव यांनी जून २०१७ पासून रजा मागितली होती. त्यांचा करार ११ जूनला संपत होता म्हणून त्यांना अकराच दिवसांचा लाभ देऊ केला गेला. १७ ऑगस्ट २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की पात्रता पूर्ण झाली असेल तर लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो, आणि पूर्ण सव्वीस आठवड्यांचा दिला. त्याच्याही आधी, ८ मार्च २००० रोजी, दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी मस्टरवरच्या बायकांना हा हक्क मिळाला होता. करारावर असाल तर या दोन निकालांच्या प्रती अर्जाला जोडा.

तासिकेवरच्या (सीएचबी) प्राध्यापिकांना तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. नेट, सेट, पीएच.डी. करून दहा-दहा वर्षं तासिकेवर काढलेल्या बायका बाळंतपणानंतर महिनाभरात वर्गावर उभ्या राहतात, कारण तास दुसऱ्याला गेला की तो परत मिळत नाही. हे आपल्या उच्च शिक्षणाला शोभणारं नाही. रोजंदारीवर रस्ते खोदणाऱ्या बाईला जो हक्क मिळाला तो तासिकेवर शिकवणाऱ्या बाईला का मिळू नये, याचं उत्तर कुणाकडेही नाही. प्रत्येकीला कोर्टाची पायरी चढणं शक्य नसतं, म्हणून संस्थेच्या निधीत यांना पहिल्या दिवसापासून धरा. हिशेब सोपा आहे: आधीच्या तीन महिन्यांच्या बिलांची सरासरी गुणिले सहा. आणि परत आल्यावर तिचे तास तिला. प्राध्यापिकांनी स्वतः दर महिन्याच्या बिलाची आणि हजेरीची प्रत जपून ठेवावी. ऐंशी दिवस मोजायची वेळ आली तर तोच पुरावा.

संशोधन करणाऱ्या मुली

पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागांच्या प्रकल्पांवरच्या जेआरएफ, एसआरएफ यांनाही प्रसूती रजा लागू आहे. बार्टी, सारथी, महाज्योतीची फेलोशिप असेल तर मंजुरीपत्रातलं रजेचं कलम आधी वाचून घ्या आणि अर्ज वेळेत करा.

खरी कोंडी प्रकल्पप्रमुखाची होते. प्रकल्प तीन वर्षांचा, फेलो सहा महिने रजेवर, तिची फेलोशिप चालू, काम थांबलेलं. दिघीला संरक्षण संशोधनाचं मोठं केंद्र आहे, आसपासच्या कॉलेजांत प्रायोजित प्रकल्प येतात, तेव्हा हा प्रश्न इथे नेहमीचा. दोन उपाय आहेत. रजा मंजूर होताच प्रायोजक संस्थेला पत्र लिहून जादा पैसे न मागता मुदतवाढ मागा. शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. आणि प्रत्येक प्रकल्पातून संस्थेला जो ओव्हरहेड मिळतो, त्याचा एक भाग वरच्या निधीत वळवा, म्हणजे त्या सहा महिन्यांसाठी बदली प्रकल्प सहायक ठेवता येईल. संस्था ओव्हरहेड घेते ती प्रकल्प सांभाळण्यासाठीच. फेलोचं बाळंतपण सांभाळणं हाही त्याचाच भाग आहे.

पुढच्या आर्थिक वर्षाचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहिलं जातं. तुमच्या कॉलेजच्या किंवा शाळेच्या त्या कच्च्या मसुद्यात हे खातेशीर्ष घालून घ्या. प्राचार्य असाल तर स्वतः मांडा. शिक्षक प्रतिनिधी असाल तर कॉलेज विकास समितीच्या बैठकीत विषयपत्रिकेवर आणा, आणि तो एखाद्या पुरुष सदस्याने मांडला तर फार उत्तम. वर केलेला हिशेब तुमच्या संस्थेचे आकडे घालून एका पानावर लिहून न्या. एवढ्या एका पानावर सही घ्यायची आहे.